अंगणवाडीतली मुलं एकमेकांना चित्र काढायला शिकवतात, त्यात एवढं काय विशेष?

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. खऱ्या बैलांचा सण आदल्या दिवशी झालेला असतो, हा दिवस लहान मुलांचा. लाकडी नंदी सजवायचा, त्याला दोरी बांधून घरोघरी न्यायचा आणि बोजारा गोळा करायचा. नागपूरच्या राजे रघुजी भोसले (दुसरे) यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केल्याचं सांगितलं जातं. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रससारख्या कापूस-सोयाबीनच्या तालुक्यात तर या दिवसांत अंगणवाडीपासून हायस्कूलपर्यंत सगळीकडे एकच विषय असतो, बैल. मातीचा बैल, पाटीवरचा बैल, कागद फाडून चिकटवलेला बैल.

चार वर्षांच्या मुलाला बैल काढणं सोपं नसतं. चार पाय एकाच बाजूला काढायचे की दोन दिसणारे, दोन लपलेले? शिंगं डोक्यातून निघतात की कानातून? अशा वेळी मूल आधी ताईंकडे बघत नाही. शेजारच्या पोराच्या पाटीवर बघतं. शेजारचं पोरही गप्प बसत नाही. "असं नाही, असं," म्हणत ते खडू ओढून घेतं.

बहुतेक मोठी माणसं याला "कॉपी" किंवा "गोंधळ" म्हणतात. बालशिक्षणाचा अभ्यास करणारे मात्र गेली अनेक वर्षं याच गोंधळाकडे लक्ष देऊन बघत आहेत. आणि आता देशातल्या अंगणवाड्यांचं शाळेसारखं रूपांतर होऊ घातलेलं असताना हा प्रश्न फक्त अभ्यासकांचा राहिलेला नाही.

तीन वर्षांचं मूल शिकवतं म्हणजे काय करतं?

शिकवण्यासाठी एक गोष्ट आधी कळावी लागते. मला जे येतं ते समोरच्याला येत नाही, हे कळावं लागतं. मोठ्यांना यात काही विशेष वाटत नाही, पण लहान मुलांना ही समज जन्मतः नसते. ती साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास पक्की होत जाते.

तेल अवीव विद्यापीठाचे सिडनी स्ट्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक खेळ आधी शिकवला आणि मग तो दुसऱ्या मुलाला शिकवायला सांगितला. लहान मुलं मुख्यतः करून दाखवत होती. पाच वर्षांच्या आसपासची मुलं बोलून समजावत होती, नियम सांगत होती. समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज ज्यांना जास्त येत होता, त्यांची शिकवण्याची पद्धतही त्यानुसार बदललेली होती.

चित्राच्या बाबतीत हा फरक कोणत्याही अंगणवाडीत दिसू शकतो. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की फुलासारखा ठसा उमटतो, हा सगळ्यांचा आवडता उपक्रम. साडेतीन वर्षांचं मूल दुसऱ्याला हे "शिकवतं" म्हणजे त्याच्या हातातली भेंडी घेऊन स्वतःच ठसा मारून मोकळं होतं. शिकवणं आणि करून देणं यातला फरक त्याला अजून कळलेला नसतो. (मोठ्यांपैकीही अनेकांना कळलेला नसतो. शाळेचे प्रोजेक्ट कोण पूर्ण करतं, हे सगळ्यांना माहीत आहे.) साडेपाच वर्षांची मुलगी मात्र म्हणते, "जास्त रंग नको घेऊ, चिकटतो." या एका वाक्यात तिने चूक आधीच ओळखली, कारण सांगितलं आणि भेंडी दुसऱ्याच्याच हातात राहू दिली. बी.एड.ला जे शिकवतात त्यातला बराचसा भाग यात आला.

म्हणून फायदा एकट्या शिकणाऱ्याचा नसतो. शिकवणाऱ्याला आपण नेमकं काय केलं ते आठवून त्याचे तुकडे पाडावे लागतात. हाताला आलेली गोष्ट शब्दांत आणावी लागते. पाच वर्षांच्या मुलासाठी भाषेचा याहून चांगला सराव शोधणं अवघड आहे.

सगळी वयं एकाच खोलीत, ही अडचण की सोय?

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र बसतात. एक सेविका, एक मदतनीस, एक खोली. नर्सरी, ज्युनियर केजी, सीनियर केजी असे वेगळे वर्ग नाहीत. दिग्रस शहरात काय किंवा इतर कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी काय, थोडे पैसे हाताशी आले की पालक मुलाला अंगणवाडीतून काढून "इंग्लिश मीडियम"ला घालतात, त्यामागच्या कारणांपैकी हे एक असतं. तिथे वर्ग असतात, बेंच असतात, वयानुसार वेगळी पुस्तकं असतात.

पण मुलांनी मुलांना शिकवण्यासाठी वयातला हा फरकच लागतो. सगळी मुलं सारख्याच वयाची असली तर सगळ्यांचे प्रश्नही साधारण सारखेच असतात. तीन आणि पाच वर्षांची मुलं शेजारी बसली की एकाला जे नुकतंच जमायला लागलंय ते दुसऱ्याच्या आवाक्याच्या जरासं पलीकडे असतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांनी १९३० च्या दशकात नेमकी हीच जागा शिकण्याची खरी जागा मानली होती. मूल एकट्याने जे करू शकत नाही पण थोड्या मदतीने करू शकतं, ती जागा. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं तेव्हापासून त्यांच्या पद्धतीत तीन ते सहा वर्षांची मुलं मुद्दाम एकत्र ठेवली जातात. आज शहरांत "माँटेसरी" नावाची पाटी लावून भरमसाट फी घेणाऱ्या कित्येक शाळा मात्र मुलांना वर्षानुसार वेगळं बसवतात. माँटेसरींनी मुद्दाम एकत्र बसवलेली वयं अंगणवाडीत नाइलाजाने का होईना, अजून एकत्र बसतात.

दिग्रसच्या परिसरात आणखी एक गोष्ट आहे, भाषा. हा भाग बंजारा समाजाच्या तांड्यांचा आहे, समाजाचं श्रद्धास्थान असलेलं पोहरादेवी शेजारच्या वाशिम जिल्ह्यातच आहे. तांड्यावरच्या मुलाची घरची भाषा गोरमाटी. शहरातल्या काही वस्त्यांत घरी उर्दू बोलली जाते. जिल्ह्याच्या इतर भागांत कोलामी आणि गोंडी आहेत. अशा मुलाला पहिले काही महिने ताईंचं मराठी नीट कळत नाही. "वर्तुळ काढा" या दोन शब्दांत त्याला काहीच सापडत नाही. पण शेजारच्या मुलीने पाटीवर गोल काढला, त्याला दोन कान लावले आणि हसून दाखवलं, तर त्याला भाषेची गरज पडत नाही. चित्र हा त्या खोलीतला पहिला विषय असतो ज्यात हे मूल मागे पडलेलं नसतं. कधी कधी त्यात ते पुढेच असतं.

तांड्यावरची कशिदाकारी बघा. आरसे, कवड्या, टाक्यांचे ठरावीक नमुने. ही कला कुणी वर्गात बसवून शिकवली नाही. मुली आई-आजीच्या शेजारी बसून बघत आल्या, आधी दोरा ओवून देत आल्या, मग एखादा सोपा टाका घालत आल्या. अमेरिकन अभ्यासक बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमाला आणि मेक्सिकोतल्या मूळनिवासी समाजांत शिकण्याची हीच रीत बारकाईने नोंदवली आहे. तिथली मुलं सूचना मिळायची वाट बघत नाहीत, आजूबाजूला चाललेलं बघून हात घालतात. म्हणजे जी मुलं "शाळेला नवखी" म्हणून मागे समजली जातात, ती बघून शिकण्याच्या बाबतीत पुष्कळदा तयारीची असतात.

हे महाराष्ट्राला नवीन नाही

"अंगणवाडी" हा शब्द सरकारी वाटतो, पण तो सरकारने घडवलेला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. तिथे वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, पानं, बिया वापरल्या. पुढे कोसबाडला "विकासवाडी"चा प्रयोग झाला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. त्यामागचं कारण अगदी व्यवहारी होतं. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहावं लागतं म्हणून मोठ्या मुली शाळेत येत नव्हत्या. भावंडांसकट या, असं म्हटल्यावर त्या येऊ लागल्या. वयांची सरमिसळ तिथे रोजच्या गरजेतून आली.

केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. ताराबाई त्याच्या दोन वर्षं आधीच, १९७३ मध्ये गेल्या होत्या. नाव देशभर गेलं, पण त्यामागची शिकण्याची कल्पना बरीचशी मागे राहिली. अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि वजनकाटा, अशीच तिची ओळख झाली.

विदर्भातच दुसरं उदाहरण आहे. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये १९४४ पासून चित्रकार देवी प्रसाद कला शिकवत होते. ते शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली तयार झालेले. शेतीकाम आणि सूतकताई यांच्या बरोबरीने चित्रकलेलाही तिथे जागा होती. मोठ्यांनी फळ्यावर काढून दिलेलं चित्र मुलांनी उतरवायचं, या पद्धतीला त्यांचा स्पष्ट विरोध होता. "आर्ट: द बेसिस ऑफ एज्युकेशन" हे त्यांचं पुस्तक आजही कला-शिक्षणाच्या अभ्यासात वाचलं जातं.

पण मुलं तर नक्कलच करतात ना?

करतात. आणि इथे अभ्यासकांत खरा वाद आहे.

एका बाजूचं म्हणणं असं, की मुलाचं चित्र आतून येतं. त्याला नमुना दिला की ते मरतं. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतले ब्रेंट आणि मार्जोरी विल्सन हे अभ्यासक दांपत्य. मुलांच्या चित्रांतल्या आकृत्या कुठून येतात हे त्यांनी तपासलं आणि १९७७ मध्ये थेट सांगितलं, की जवळपास प्रत्येक आकृतीचा उगम दुसऱ्या कुठल्या तरी चित्रात सापडतो. भावंडाच्या, मित्राच्या, कॉमिक्सच्या किंवा टीव्हीवरच्या.

विल्सन यांचं म्हणणं पटायला महाराष्ट्रीय माणसाला अमेरिकेला जायची गरज नाही. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, इंग्रजी व्ही सारखे पक्षी, वळत येणारी नदी, एक झोपडी आणि नारळाचं झाड. हे चित्र राज्यातल्या प्रत्येक पिढीने काढलंय. दिग्रसच्या मुलाच्या आजूबाजूला पळस आहे, कडुनिंब आहे, पऱ्हाटी आहे, अरुणावती धरणाचं पाणी आहे. नारळ मात्र चित्रातच. हे चित्र पाठ्यपुस्तकात सक्तीचं नाही. ते मुलांनीच मुलांना दिलेलं आहे. तेव्हा मुलं एकमेकांकडून शिकतात ते सगळंच ताजं आणि स्वतंत्र असतं, असा गोड समज करून घ्यायचं कारण नाही.

मग मित्राची नक्कल आणि बाईंच्या फळ्याची नक्कल यांत फरक काय? फरक आहे, आणि तो पुढच्या पायरीला दिसतो. अँड्र्यू व्हायटन आणि एमा फ्लिन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन बालगटांतल्या एकेका मुलाला एका साधनातून बक्षीस काढण्याची युक्ती शिकवली, दोघांना वेगवेगळी. मग ते साधन गटात ठेवून दिलं. प्रत्येक गटात त्या त्या मुलाची पद्धत आधी जशीच्या तशी पसरली. पण दिवस गेले तसे इतर मुलांनी स्वतःच्या वेगळ्या तऱ्हाही शोधल्या. म्हणजे नक्कल ही सुरुवात ठरली, शेवट नाही.

याच्या उलट एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांचा २०११ मधला प्रयोग. एका खेळण्यात चार करामती लपलेल्या होत्या. ज्या मुलांना मोठ्या माणसाने "बघ, हे असं चालतं" म्हणून एकच करामत शिकवली, ती मुलं तीच करत बसली. ज्यांना ती सहज, अपघाताने घडल्यासारखी दिसली, त्यांनी बाकीच्या करामतीही शोधल्या. अधिकाराने शिकवलेली गोष्ट मुलांना पूर्ण वाटते. "बाईंनी एवढंच दाखवलं, म्हणजे एवढंच असणार." हे प्रयोग खेळण्यांवरचे आहेत, चित्रांवरचे नाहीत, आणि मूल शिकवतं तेव्हा असं कधीच होत नाही असंही त्यांतून सिद्ध होत नाही. पण शेजारच्या पोराने काढलेल्या पाच पायांच्या बैलाला कुणी अंतिम सत्य मानत नाही, हे तर उघड आहे. त्याच्याशी भांडता येतं.

हा विषय आत्ताच का?

कारण पुढच्या काही वर्षांत या खोलीत काय चालेल, हे आत्ता ठरतंय.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन वर्षांपासूनचं शिक्षण औपचारिक रचनेत आणलं. मे २०२३ मध्ये केंद्राने "पोषण भी, पढाई भी" सुरू केलं. त्यात अंगणवाडीत रोज किमान दोन तास शिक्षण अपेक्षित आहे. मार्च २०२४ मध्ये तीन ते सहा वर्षांसाठी "आधारशिला" हा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. ४८ आठवड्यांचं नियोजन, त्यातले ३६ आठवडे खेळ आणि कृतींचे, शेवटच्या आठवड्यांत वर्कशीट. कागदावर हे सगळं खेळावर आधारित आहे आणि दिशा बरोबर आहे, याबद्दल फारसा वाद नाही. पायाभूत स्तराच्या २०२२ च्या राष्ट्रीय आराखड्यात सौंदर्यदृष्टी आणि संस्कृती हे स्वतंत्र क्षेत्र म्हणून आलंय. शिक्षण धोरणात मुलांनी मुलांना शिकवण्याचा उल्लेखही आहे, पण तो मुख्यतः वाचन आणि गणितासाठी.

अडचण अंमलबजावणीत आहे. महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. त्यातल्या सेविकेकडे आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरण, गरोदर मातांच्या भेटी, सर्वेक्षणं आणि "पोषण ट्रॅकर" ॲपवरची माहिती, असं सगळं आहे. मानधन आणि इतर मागण्यांसाठी ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविका-मदतनीस पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. अशा सेविकेला "शिक्षण झालं" हे दाखवायचं असेल तर सगळ्यात सोपा पुरावा कोणता? तीस मुलांनी रंगवलेला एकच आंबा. फोटो चांगला येतो, पालक खूश होतात, वरिष्ठही खूश होतात. मुलांनी एकमेकांशी भांडत, रंग सांडत घालवलेल्या अर्ध्या तासाचा फोटो तसा येत नाही.

दुसरी गोष्ट, अंगणवाड्या प्राथमिक शाळांच्या आवारात नेण्याची. केंद्राने २०२५ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. यात कोसबाडच्या विकासवाडीसारखी शक्यता आहे. मोठी भावंडं, लहान भावंडं एकाच आवारात. पण उलटंही होऊ शकतं. शाळेची सवय वयानुसार वेगळं बसवण्याची असते. पाच वर्षांच्या मुलांना पहिलीच्या तयारीसाठी वेगळं काढलं, तर तीन वर्षांच्या मुलांच्या खोलीतले शिकवणारेच निघून जातात. हा बदल कुठल्याही अहवालात नोंदला जाणार नाही, कारण ते शिकवणारे पटावर विद्यार्थी म्हणूनच होते.

मग सेविकेची गरज कमी होते का?

नाही, आणि इथे इतिहासातला एक भारतीय धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक मद्रासमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवत होता. एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याने पाहिली. आपल्या शिक्षकांना ती पद्धत पटेना, तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्याकडेच वर्ग सोपवला. जमलं. १७९७ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं आणि "मद्रास पद्धत" इंग्लंडभर गेली. तिथे जोसेफ लँकेस्टरच्या तशाच पद्धतीबरोबर तिचं काय झालं? एका शिक्षकाच्या जोरावर शेकडो मुलं सांभाळायची स्वस्त यंत्रणा. रांगा, हुकूम आणि मॉनिटर. मुलांनी एकमेकांना सहज दाखवणं राहिलं बाजूला.

तेव्हा "मुलं एकमेकांना शिकवतात" हे वाक्य सेविकांची रिक्त पदं न भरण्याचं कारण म्हणून वापरलं गेलं, तर तो याच जुन्या चुकीचा नवा अवतार ठरेल. उलट अशा वर्गात मोठ्या माणसाचं काम नाजूक होतं. कोण कुणाशेजारी बसतंय, कोण नेहमीच दुसऱ्याचा खडू हिसकावतंय, कुणाला कधीच कुणी काही विचारत नाही, हे बघावं लागतं. त्यासाठी तिला मोकळे वीस मिनिटं लागतात, ॲप बंद ठेवून.

खर्च नगण्य आहे. काळी माती फुकट आहे. पळसाच्या फुलांचा रंग फुकट आहे. पाठकोरे कागद कुठल्याही सरकारी कार्यालयात ढिगाने मिळतात. पालकांना आपल्या मुलाच्या अंगणवाडीत किंवा नर्सरीत काय चाललंय ते जाणून घ्यायचं असेल, तर भिंत बघायची. सगळ्या चित्रांत आंबा एकाच आकाराचा असेल तर तो छापील आहे. तीस वेगवेगळे बैल असतील आणि त्यातल्या पाच-सहांची शिंगं मात्र एकसारखी विचित्र असतील, तर त्या खोलीत कुणीतरी कुणाला तरी शिंगं काढायला शिकवलीत.